शेवटच्या पानांचे भाऊसाहेब

"मी मेलो कधी ते सांगा आधी! कुणी पाहिलं मला मरताना?"

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात घोडेगावचे जनावरांचे डॉक्टर उभे राहून ओरडत होते. एका हातात माजी विद्यार्थी संघाची स्मरणिका, दुसऱ्या हाताचं बोट तिच्या शेवटच्या पानावर. बाजाराच्या दिवशी हजार म्हशींच्या वर आवाज चढवायची सवय असलेला माणूस तो. सभागृहातला पंखा उलटा फिरायला लागला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या रांगेत डुलक्या घेणारे एक निवृत्त प्राध्यापक दचकून उठले आणि "हजर!" म्हणून खाली बसले.

स्टेजच्या कोपऱ्यात भाऊसाहेब उभे होते. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, डॉक्टरांना नीट न्याहाळलं आणि विचारलं, "डॉक्टर, मजकुरात काही चूक आहे का?"

"मजकुरात? अहो, मी जिता हाय!"

"ते दिसतंच आहे. बाकी बरोबर आहे ना?"

हे आमचे भाऊसाहेब. कॉलेजच्या ऑफिसात कारकून. त्यांचं नाव तुम्हाला सांगून उपयोग नाही, कारण ते आम्हालाही आठवायला वेळ लागायचा. वर्षभरात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांबद्दल स्मरणिकेच्या शेवटी जी पानं असतात, ती तेच लिहायचे. तुम्हीही अशा स्मरणिका पाहिल्या असतील. जन्म, पदवी, हुद्दा, पश्चात पत्नी आणि दोन मुलं. भाऊसाहेबांना हे मान्य नव्हतं. कुणी गेल्याचं कळलं की रविवारी स्कूटर काढायची आणि थेट त्या घरी जायचं. फोन करायचा नाही. "माणूस गेलाय. गॅसचा नंबर लावायचाय का फोनवरून?" म्हणायचे.

घरचे लोक मग भाषणच सुरू करायचे. साहेब अमुक साली अमुक झाले, मग तमुक झाले. भाऊसाहेब चहा संपेपर्यंत ऐकून घ्यायचे आणि कप खाली ठेवून म्हणायचे, "हुद्दा राहू द्या. माणूस काय करायचा?"

मग कुणीतरी हळूच खरं बोलायचं. साखर कारखान्याचे एक चीफ केमिस्ट जन्मभर गुळाचा चहा प्यायले, हे असंच छापून आलं. पारनेरकडचे एक मोठे अधिकारी प्रत्येक लग्नात फोटोग्राफरच्या मागे उभे राहून त्याला सूचना द्यायचे, त्यामुळे खानदानातल्या एकाही फोटोत ते नाहीत, हेही. आमची स्मरणिका लोक मागून वाचायला घ्यायचे. अध्यक्षांचं मनोगत अजून कुणीही वाचलेलं नाही, स्वतः अध्यक्षांनीसुद्धा.

डॉक्टरांचं काय झालं, तर व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कुणीतरी त्यांच्या नावापुढे हात जोडले. भाऊसाहेब घोडेगावला पोचले. घराला कुलूप. खिडकीतून पाहिलं तर भिंतीवर डॉक्टरांचा फोटो आणि फोटोला चंदनाचा हार! आता याहून मोठा पुरावा कोणता? हार सत्काराचा होता. डॉक्टरीणबाईंना तो टांगायला दुसरा खिळा सापडला नव्हता, इतकंच. हार पाहिल्यावर डॉक्टर खरंच गेले का, हे गावात विचारणं भाऊसाहेबांना असभ्य वाटलं. त्यांनी बाजारात जाऊन फक्त माणूस कसा, एवढं विचारलं. आणि लिहिलं, 'अडलेली म्हैस मोकळी केल्यावर डॉक्टर मालकाचा नव्हे, म्हशीचा निरोप घेऊन निघत.'

ओरडून दमल्यावर डॉक्टर खुर्चीत बसले आणि ते पान त्यांनी पहिल्यांदा पूर्ण वाचलं. नंतर बराच वेळ रुमालात तोंड घालून होते. जाताना दहा प्रती घेऊन गेले. "छापलंय ते असू द्या," म्हणाले. "फकस्त पुन्हा छापू नका."

एकदा सावेडीतल्या टपरीवर चहा पिताना भाऊसाहेबांनी मला, म्हणजे संघाच्या चिटणीसाला, विचारलं, "चिटणीस, पदवी नसलेल्याचं घेतात का हो शेवटच्या पानांत?" घरच्या अडचणीनं पहिल्याच वर्षी त्यांचं शिक्षण सुटलं होतं आणि त्याच इमारतीत ते कारकून म्हणून लागले होते. संघ मात्र पदवीधरांचा. मी माझ्या स्वभावाप्रमाणे म्हणालो, "आधी मरून तर दाखवा!" ते हसले. मीही हसलो. माझं ते हसणं मला अजून गिळता आलेलं नाही.

गेल्या वर्षी भाऊसाहेब गेले. संघाच्या बैठकीत मी त्यांचा विषय काढला. अध्यक्षांनी नियम वाचून दाखवला. "भावना समजते, पण ते आपले माजी विद्यार्थी नव्हते."

मागून पुन्हा तो आवाज आला. या वेळी पंखा बंदच पडला.

"माझं पान एकदा छापून झालंय! आता मी खरा मेलो तरी मला दुसरं नको. माझ्या वाटणीचं पान त्यांना द्या. लिहून घ्या!"

"डॉक्टर, नियमात तसं—"

"जित्या माणसाला मेलेला छापलात, ते कोणत्या नियमात बसलं?"

अध्यक्षांनी नियमांची फाईल मिटली.

पुढच्या रविवारी मी स्कूटर काढली आणि फोन न करता भाऊसाहेबांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला. कप खाली ठेवून मी विचारलं, "वहिनी, हुद्दा राहू द्या. माणूस काय करायचा?"

त्यांनी रिकामा कप उचलून ट्रेमध्ये ठेवला. "लोकांच्या घरी जायचे," म्हणाल्या. "परत आले की त्यांचंच सांगत बसायचे. मग जेवायचे नाहीत."

मी ते लिहून घेतलं. वर पाहिलं, तर भिंतीवर भाऊसाहेबांचा फोटो होता. चष्म्यासकट. नुसताच.

"वहिनी, हार नाही घातला?"

"नको म्हणाले होते. लोक फसतात."