टाकीत टाकलेली पावडर

बनुवहिनीचं डोकं फिरलंय, असं गावात सगळ्यात आधी मीच म्हणालो. माझ्या जिभेला हाड नाही हे खरं, पण ऐकून तर घ्या.

अंगददादा, माझा थोरला भाऊ, पायात खिळा घुसल्याचं निमित्त होऊन गेला. "काय न्हाई, ठणकत न्हाई," म्हणत आठ दिवस आमच्या बॉयलर कोंबड्यांच्या शेडमध्येच राबला. शेवगावहून नगरच्या दवाखान्यात नेला तेव्हा विष रक्तात भिनलेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट दाखवला, या जंतूंवर कुठलंच औषध चालत नाही म्हणाले. अँटिबायोटिक कुठं कुठं वापरता, असंही विचारलं. वहिनीनं सांगितलं, कोंबड्यांना पाण्यातून, दर बॅचला, आजार असो नसो. डॉक्टरांनी ते नुसतं कागदावर लिहून घेतलं. पण त्या औषधापायीच दादा गेला, हे हिच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

दादाचं वर्षश्राद्ध झालं आणि तिनं शेडमधल्या औषधाच्या बाटल्या परत केल्या. पिल्लं, खाद्य, औषध सगळं कंपनीचं, आपलं फक्त शेड आणि कष्ट. तरी कंपनीच्या सुपरवायझरशी, अजिनाथशी, भांडून तिनं एक बॅच बिनऔषधाची मागून घेतली. खाद्यात पचनासाठी एन्झाइम आणि पाण्यात प्रोबायोटिक, म्हणजे पोटातले चांगले जंतू, विरजणासारखे जिवंत. बॅच तगली तर बाटली कायमची बंद, नाही तर कंपनी म्हणेल तसं. आता कोंबड्यांना ताकही पाजा, म्हणून मी हसलो.

पहिले दहा दिवस पिल्लांची छोटी भांडी ती घरच्या घागरीतून भरायची. पिल्लं अशी टुणटुणीत, की मीच हसायचा थांबलो. दादा गेल्यापासून वहिनी पहिल्यांदा हसली. मग पक्षी टाकीच्या पाण्यावर घेतले, आणि चौथ्या दिवशी हगवण लागली. खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलंचिंब. रोज चाळीस-पन्नास मेलेले पक्षी आम्ही दोघं खड्ड्यात पुरायचो. वहिनीनं प्रोबायोटिक दुप्पट केलं, तरी मर थांबेना.

अजिनाथ आला. त्यानं प्रोबायोटिकच्या पुडीवरचं वाचलं, टाकीचं पाणी हुंगलं आणि विचारलं, "ब्लिचिंग पावडर कोन टाकतं?"

मी टाकत होतो. दादा गेल्यापासून रोज पहाटे, वहिनी उठायच्या आत, जरा जास्तच. पाणी स्वच्छ असावं, घरात आणखी कुणाला काही होऊ नये, म्हणून. तिचे जिवंत जंतू मी टाकीतच मारत होतो. आग लागो माझ्या शहाणपणाला.

अजिनाथनं अँटिबायोटिकची बाटली पुढं केली. वहिनीनं त्याला ओतू दिलं नाही, स्वतःच झाकण काढून टाकीत रिकामी केली. मला एवढंच म्हणाली, "भावजी, इचारायचं तरी हुतं."

उरलेले पक्षी वाचले. आता दर बॅचला बाटली येते आणि वहिनीच ती टाकीत ओतते.

गेल्या सोमवारी शेडमध्ये माझ्या पायात पत्रा घुसला. वहिनी रोज गरम पाण्यानं जखम धुते, चिंधी बांधते, माझ्या तोंडाकडं बघत नाही. आज तिनं विचारलं, "ठणकतंय का, भावजी?"

"न्हाई," मी म्हणालो. ठणकतंय, पण तिला ते ऐकवायची माझी हिंमत होत नाही.