नळीवरचा शिक्का

पांचाळ गेल्याची बातमी मला दुबईतल्या रास अल खोरला मिळाली. गाडी गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवली होती आणि मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो. त्यांच्या मुलीचा, मृणालचा, मेसेज आला : ‘काका, बाबा पास्ड अवे धिस मॉर्निंग. हार्ट.’ मी पहिली गोष्ट केली ती ही, की खात्री करून घ्यायला त्या नंबरावर फोन लावला. आयुष्य न्यूजरूममध्ये गेलेल्या माणसाला बातमी दोनदा ऐकल्याशिवाय खरी वाटत नाही. मृणालने फोन उचलला आणि आईकडे दिला. मी काही विचारण्याआधीच वहिनी म्हणाल्या, ‘‘भावजी, खरं आहे.’’

याला आता सहा आठवडे झाले. दत्ताराम पांचाळ अल ऐनमधल्या एका नेमबाजी क्लबचे आर्मरर होते. म्हणजे क्लबच्या रायफली आणि पिस्तुलं साफ करणं, दुरुस्त करणं, प्रत्येक नेमबाजाच्या बोटाला मानवेल असा चाप लावून देणं, आणि संध्याकाळी सगळी मोजून पोलादी कपाटात बंद करणं, हे त्यांचं काम. त्याआधी महाराष्ट्रातल्या एका सरकारी शस्त्रकारखान्यात ते फिटर होते. अंगाने बारीक, शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोलणं हळू. उभ्या आयुष्यात त्यांनी पक्ष्यावरसुद्धा गोळी झाडली नाही. विचारलं तर म्हणायचे, ‘‘मी गोळी मारणारा नाही हो. ती सरळ जातेय ना, एवढं बघणारा.’’

आमची ओळख कामातून झाली. मी तेव्हा अबुधाबीत एका इंग्रजी दैनिकात होतो, राहायला मोहम्मद बिन झायद सिटीत. क्लबकडे एका जुन्या स्विस कारखान्याची बरीच हत्यारं आहेत, त्यावर पानभर लिही, असं संपादकांनी सांगितलं आणि मी दीड तास गाडी चालवत अल ऐनला गेलो. पांचाळ दारातच उभे होते. ‘‘पत्रकार का? आणि मराठी? मग आधी जेवा.’’ आर्मरीत खायला बंदी, म्हणून बाहेरच्या पायरीवर बसून आम्ही वहिनींनी दिलेली घावनं खाल्ली. त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. मी ‘पत्रकार’च राहिलो. नोकरी सोडल्यावरही.

त्या कारखान्याबद्दल ते ज्या आपुलकीने बोलत, त्या आपुलकीने माणसं आपल्या आजोळाबद्दल बोलतात. ते तिथे कधी गेले नव्हते. जुने कॅटलॉग, सुट्या भागांबरोबर येणारी माहितीपत्रकं, आणि हत्यार उघडल्यावर जे दिसेल ते, एवढ्यावर त्यांनी एका लांबट वहीत त्या घराण्याचा इतिहास मराठीत लिहून काढला होता. एका छोट्या गावातल्या कार्यशाळेपासून सुरुवात. तिथे आधी फक्त नळ्या बनत. नळीच्या आतल्या वळणदार खाचा इतक्या नेमक्या, की दूरदूरचे बंदूकवाले नुसती नळी विकत घ्यायचे आणि बाकीची बंदूक आपल्या दुकानात जोडायचे. मग सैन्याची कामं. मग हळूहळू स्पर्धेच्या रायफली, पॉइंट टू-टूची लहान काडतुसं उडवणाऱ्या, अंग जड आणि नेमाला अचूक. मग ती पिस्तुलं, ज्यांच्यासाठी कारखाना जगभर ओळखला गेला... लांब नळीची, एकावेळी एकच गोळी घेणारी, अक्रोडाच्या लाकडाची मूठ खेळाडूच्या तळव्याबरहुकूम कोरलेली. चाप इतका हलका, की पांचाळ मला म्हणाले, ‘‘बोट लावू नका, नुसता विचार करा.’’ नंतर हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफली, गॅसवरची पिस्तुलं, वेगाने पाच गोळ्या झाडायच्या स्पर्धेसाठीची वेगळी. अखेर कारखाना दुसऱ्यांच्या हातात गेला, काम दुसऱ्या देशात हललं, नाव तेवढं राहिलं. हे सांगून ते म्हणाले, ‘‘चालायचंच. आमच्या गावातले लोहारांचे भातेही बंद झालेच की.’’

क्लबच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात एक जुनी रायफल होती, आजही आहे. अबू सालेम नावाच्या अल ऐनच्याच एका वृद्ध गृहस्थांनी ती क्लबला दिली होती. ती त्यांच्या वडिलांची. लग्नसमारंभात खजुराच्या झाडाला डबा टांगून नेम धरायची चढाओढ लागे. अबू सालेमच्या स्वतःच्या लग्नात वडिलांनी याच रायफलीने पहिल्या फटक्यात डबा पाडला होता. नळीवर त्या स्विस कारखान्याचा शिक्का होता. त्या रायफलीबद्दल मी पांचाळांना विचारलं, त्यांनी उत्तर दिलं, मी टिपून घेतलं. माझ्या लेखात वाक्य आलं, की ही संपूर्ण रायफल त्या कारखान्यात तयार झालेली आहे आणि क्लबमधला त्यांचा सर्वांत जुना नमुना आहे. लेख गाजला. क्लबच्या मॅनेजरने माझं वाक्य जसंच्या तसं पितळी पाटीवर कोरून घेतलं, खाली अबू सालेमच्या वडिलांचं नाव घातलं, आणि पाटी कपाटाला लावली.

काही महिन्यांनी रायफलीला गंज दिसला म्हणून क्लबची परवानगी घेऊन पांचाळांनी ती उघडली. आतली यंत्रणा भलत्याच कुणाची होती. कुठल्यातरी अनोळखी दुकानाची खूण, तीही अर्धी पुसलेली. नळी तेवढी स्विस. वर सांगितलं ना, ते लोक नुसत्या नळ्याही विकायचे... त्यांचा मला फोन आला. ‘‘पत्रकार, आपली चूक झालीय. पेपरात दोन ओळी टाका.’’

चूक दुरुस्त करायला आमच्या दैनिकात दुसऱ्या पानावर कोपरा होता. दोन ओळींचं काम होतं. पण तेव्हा आमच्याकडे माणसं कमी करणं चालू होतं, आणि कुणाच्या नावावर किती दुरुस्त्या छापल्या गेल्या याची चर्चा बंद दाराआड होत असे. शिवाय चूक सांगणाऱ्याची, मी फक्त लिहिलं, असं मी धरून चाललो होतो. मी म्हणालो, ‘‘बघतो.’’ आठवड्याने त्यांनी पुन्हा विचारलं. ‘‘इन्शाल्ला,’’ मी म्हणालो. इथे राहणाऱ्या कुणालाही या शब्दाचा ‘होणार नाही’ हा अर्थ सांगावा लागत नाही.

पांचाळ थांबले नाहीत. त्यांनी मॅनेजरला सांगून पाटी काढायला लावली आणि नवी, बरोबर मजकुराची, मागितली. मॅनेजर म्हणाला, ‘‘पेपर में छपा है. पेपर बोलेगा गलत है, तो नया बनाएगा.’’ त्याच्या जागी तोही बरोबर होता. त्यामुळे झालं असं, की चुकीची पाटी गेली, बरोबर आली नाही, आणि पाटीबरोबर अबू सालेमच्या वडिलांचं नावही गेलं. लाकडावर चार स्क्रूंची भोकं राहिली. पांचाळ रोज त्या कपाटासमोरून आर्मरीत जायचे.

त्याच वर्षी कारखान्याचं नाव चालवणाऱ्या कंपनीचा एक प्रतिनिधी क्लबमध्ये आला. पांचाळांना प्रशिक्षणासाठी युरोपला पाठवायचं जवळपास ठरलं होतं. परत येताना ते जुनं गाव बघून यायचं, अशी रजाही त्यांनी मागून ठेवली होती. वहिनींनी लोकरीचा स्वेटर आणला होता, अल ऐनच्या उन्हात. प्रतिनिधीने भिंतीवर फ्रेम करून लावलेला माझा लेख वाचला, त्या वाक्यावर बोट ठेवून हसला आणि विचारलं, ही माहिती कुणाची? पांचाळ म्हणाले, ‘‘माझी.’’ प्रशिक्षणाला दुसऱ्या क्लबचा माणूस गेला. या दोन गोष्टींचा संबंध होता असं मी म्हणू शकत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. मला हे कळलं तेही वहिनींकडून, बोलता बोलता. पांचाळ मध्येच म्हणाले, ‘‘अगं, मला थंडी कुठे सोसते?’’

त्यानंतर त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही. मैत्री मात्र राहिली. महिन्यातल्या एखाद्या शनिवारी मी अल ऐनला जात असे. मी पायरीवर बसलो, की ते न विचारता माझा चष्मा काढून घेत आणि बारीक स्क्रू घट्ट करून परत देत. ‘‘दोन डोळ्यांच्या पत्रकाराला एकाच डोळ्याने दिसतं,’’ हा त्यांचा ठरलेला टोमणा. मी हसत असे. त्यात काही असेल असं मला वाटलं नाही.

तेराव्यानंतर मी पांचाळांच्या घरी गेलो. मृणालने लांबट वही माझ्यासमोर ठेवली. ती इथेच वाढली, तिला मराठी बोलता येतं पण वाचायला जड जातं. ‘‘काका, यू शुड हॅव इट. मला नाही वाचता येत नीट.’’ मी वही चाळली. प्रत्येक हत्याराला एक पान, वर नाव, खाली शोध. काचेच्या कपाटातल्या रायफलीच्या पानावर शाईने लिहिलं होतं : ‘नळी त्यांची. बाकी उघडल्याशिवाय सांगता येणार नाही.’ खाली तारीख होती. माझ्या पहिल्या भेटीच्या आदल्या दिवसाची.

मी मृणालला विचारलं, बाबांनी माझ्या त्या लेखाबद्दल घरी काही सांगितलं होतं का. ती आईकडे बघू लागली. वहिनी म्हणाल्या, ‘‘मी त्यांना म्हटलं होतं, तुम्ही भावजींना स्पष्ट का सांगत नाही? तर म्हणाले, त्याने ऐकलं बरोबर, लिहिताना घाई झाली. त्याची नोकरी डगमगतेय. मी क्लबात आहे तोवर मला कोण हलवतंय?’’ मृणाल हळूच म्हणाली, ‘‘ही नेव्हर ब्लेम्ड यू, काका.’’

घरी येऊन मी जुन्या टिपणवह्या काढल्या. त्या मी टाकत नाही. ते पान सापडायला दोन दिवस लागले. माझ्याच अक्षरात होतं : ‘पां. – नळीवर शिक्का त्यांचा. बाकीचं उघडून बघेन तेव्हा सांगेन.’ पुढे लेखाची शब्दसंख्या आणि संपादकांना फोन करायची आठवण. म्हणजे त्यांनी मला चुकीचं काही सांगितलंच नव्हतं. ‘संपूर्ण’ हा शब्द माझा होता. वाक्याला वजन यावं म्हणून मी तो घातला, आणि एवढी वर्षं त्याचं ओझं पांचाळांनी वाहिलं.

मागच्या आठवड्यात मी अबू सालेम यांच्या घरी गेलो. त्यांचं वय आता बरंच झालंय, हिंदी मात्र खणखणीत. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘‘पांचाल भी आया था. ऐसा ही खडा रहा. मैं बोला बैठो, नहीं बैठा. पूछा, गलती किसका? बोला, मेरा.’’ मी म्हटलं, चूक त्यांची नव्हती, माझी होती. त्यांनी दल्ल्यातून, लांब चोचीच्या अरबी किटलीतून, कॉफी ओतली आणि छोटा पेला पुढे केला. ‘‘खलास. वो तो बैठा नहीं. तुम बैठो.’’ मी बसलो. पेला रिकामा झाला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, की पाटीवर बंदुकीचं काही लिहू नका हवं तर, वडिलांचं नाव तेवढं लावा.

जुन्या दैनिकाला मी पत्र लिहिलं आहे. उत्तर आलेलं नाही. तोवर जी दुरुस्ती तेव्हा छापायची होती, ती इथे छापतो. अल ऐनच्या क्लबमधल्या त्या रायफलीची केवळ नळी स्विस कारखान्याची आहे. बाकीची कुणी बनवली ते माहीत नाही. चुकीची माहिती दत्ताराम पांचाळ यांनी दिली नव्हती. ती या लेखकाची चूक होती. क्लबच्या मॅनेजरला मी माझ्या टिपणवहीच्या पानाची प्रत दिली. ती त्याने माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि म्हणाला, ‘‘इतना काफी है.’’ पाटी करायला दिली आहे.

तिथून मी आर्मरीत डोकावलो. पांचाळांच्या जागी आता जोसी नावाच्या एक फिलिपिनो बाई आहेत, चाळिशीच्या. हिरव्या फेल्टने मढवलेलं टेबल तेच. भिंतीवर लाकडी पट्टीत ओळीने स्क्रू ड्रायव्हर लावलेले. प्रत्येक हत्याराच्या स्क्रूची खाच वेगळी, म्हणून पांचाळ एकेक स्क्रू ड्रायव्हर सहाणेवर घासून त्या खाचेत बरोबर बसेल असा करायचे आणि मुठीवर कागदाची चिठ्ठी चिकटवायचे. बाईंनी खाचा जुळवून जुळवून बहुतेक ओळखले होते. पण चिठ्ठ्यांवर काय लिहिलंय ते त्यांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मी एकेक वाचत गेलो. लांब नळीच्या पिस्तुलाचा : थोरली. टू-टू रायफलीचा : मधली. हवेच्या पिस्तुलाचा : धाकटी. गॅसवाल्याचा : रुसकी. बाई हसल्या, ‘‘येस, येस, व्हेरी मूडी!’’ अगदी टोकाला एक होता, इतरांपेक्षा रुंद पात्याचा. तो आर्मरीतल्या कुठल्याच हत्याराच्या स्क्रूत बसत नाही, त्या म्हणाल्या, टाकून देणार होते. मी तो घेऊन हॉलमध्ये गेलो. बाईंनी काचेचं कपाट उघडलं. पातं अबू सालेमच्या रायफलीच्या स्क्रूत बसलं, जराही न हलता.

चिठ्ठीवर लिहिलं होतं : पाहुणी.

‘‘व्हॉट इज इट?’’ बाईंनी विचारलं. मी अर्थ सांगितला. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातून घेतला, फडक्याने पुसला, आणि आत जाऊन इतरांच्या ओळीत होता तिथे लावून ठेवला.