विमानाची ओटी

लालासाहेबकाका ब्रह्मदेशातल्या लढाईवरून परत आला, तो धडधाकट. हातपाय शाबूत बघून गावानं साळूकाकूला नशीबवान ठरवून टाकलं. गावाचं काय जातंय! गुऱ्हाळाचं इंजिन सुरू झालं की विमान आलं असं वाटून हा गडी उसाच्या सरीत पालथा पडायचा. मग मोट, जनावरं, ऊस, सगळं काकूच्याच अंगावर. आणि दिवेलागणीला मनुबाई दारात.

मनुबाई गुंडाची बायको. गुंडा आणि काका एकाच दिवशी पलटणीत भरती झालेले. परत आला एकटा काका. गुंडाचा पत्ता लागत नाही, एवढंच सरकारनं कळवलं होतं. म्हणून मनुबाई कपाळभर कुंकू लावून रोज विचारायला यायची. ती आली की काका मागच्या दारानं गोठ्यात. काकू तिला चहा द्यायची, इकडचंतिकडचं बोलायची आणि वाटेला लावायची. ऊस तोडून जेवढी दमत नव्हते तेवढी त्या बाईला परत पाठवून दमायचे, असं ती पुढं सांगायची.

त्यातच साताऱ्याला लढाईतलं विमान बघायला ठेवलंय, अशी बातमी आली. गप्प उभं असलेलं विमान बघितलं तर ह्यांची भीती मोडेल, असं काकूच्या मनानं घेतलं. शिवाय तिचा नवस होता. जंगलात अडकलो तेव्हा विमानानं वरून शिधा टाकला म्हणून जगलो, असं काकानं मागं रजेवर आल्यावर सांगितलं होतं. तेव्हाच तिनं विमानाची ओटी बोलली होती. खण, नारळ, तांदूळ बांधून ती नवऱ्याला घेऊन सर्व्हिस मोटारीत बसली.

मैदानात एकच विमान होतं, पत्रा जागोजागी फाटलेलं. त्याच्या अंगावर हा एवढा लाल गोळा. काकूला वाटलं, आपल्या आधीच कुणी पूजा करून गेलंय. तिनं त्या गोळ्यावर हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. ते बघून आणखी चार बाया मागं उभ्या राहिल्या. आपल्याकडं देव व्हायला वेळ लागत नाही. नारळ ठेवायला ती वाकली आणि काकानं तिचं मनगट धरलं. लढाईवरून आल्यापासून त्यानं पहिल्यांदाच तिला हात लावला होता.

"हे जपान्याचं हाय," तो म्हणाला. "शिधा टाकणारं न्हवं. असल्यानंच गुंडाला मारलं, माझ्या शेजारी. मीच पुरला त्येला."

काकूनं नारळ पदरात परत घेतला. मागच्या बायांना हटकायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

दोघं मोटारीनं गावाकडं परत निघाली. वेशीपाशी उतरल्यावर काका नेहमीसारखा घराकडं वळला. तेव्हा ती म्हणाली, "आवं, आता मला न्हाई जमायचं. तुमी सांगा तिला." तो तिच्या मागून मनुबाईच्या घराकडं चालू लागला.

मनुबाई अंगणात जोंधळे पाखडत होती. काकाला आपल्या दारात बघून ती लगबगीनं उठली, आणि तिचा चेहरा असा खुलला की काकूला तिथंच बसकण मारावीशी वाटली. काकानं तोंड उघडलं.

"जरा थांबा," काकू म्हणाली.

तिनं मनुबाईला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं आणि साताऱ्याहून परत आणलेला खण, नारळ, तांदूळ तिच्या ओटीत घातले. यापुढं तिची ओटी कुणी भरणार नव्हतं. कशाबद्दल, असं मनुबाईनं विचारलं नाही. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून ती बसून राहिली.

मग काकू नवऱ्याला म्हणाली, "आता सांगा."