वाढत्या अंगाची हाफपँट

मी आठवीत होतो तेव्हा माझ्या खाकी हाफपँटमध्ये आणखी एक आठवीतला मुलगा सहज मावला असता. ही अतिशयोक्ती नाही. वर्गातल्या पोरांनी मधल्या सुट्टीत हा प्रयोग करून पाहिला होता आणि तो यशस्वी झाला होता.

याला जबाबदार आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील. सोनपेठला त्यांचं किराणा दुकान होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात बंडी आणि पोराच्या कपड्यांबाबत एकच धोरण. शाळा उघडायच्या आधी ते मला उस्मान मास्तरांच्या शिलाई मशीनपुढे उभं करायचे. मास्तर टेप लावून माप घ्यायचे आणि अण्णा ते माप तिथल्या तिथं रद्द करायचे.

"मास्तर, वाढत्या अंगाचं लेकरू हाय. जरा मोठी शिवा."

"मोठीच धरलीय, अण्णा."

"अजून मोठी."

"अण्णा, ह्याच्यात लेकरू गुम होऊन जाईल."

"होऊ द्या. मी हुडकीन."

पँट शिवून आली ती बघून आईनं कपाळाला हात लावला. (पहिल्यांदा तिला वाटलं, मास्तरांनी चुकून अण्णांचीच शिवली.) पँटचे पाय माझ्या पोटऱ्यांपर्यंत लोंबायचे. हाफ म्हणावी तर हेडमास्तर हसणार, फुल म्हणावी तर नियम आडवा येणार. शर्टही त्याच धोरणाचा. खांद्याची शिवण कोपरावर, खिसा बेंबीपाशी आणि घेर गुडघ्यापर्यंत! पट्टा अण्णांच्या मते उधळपट्टी होती, म्हणून दुकानातली पोत्याची सुतळी कमरेला.

तसं पाहिलं तर त्या काळी हायस्कुलात कुणाचंच काही धड नव्हतं. दहावीतली दोन शौकीन पोरं बेलबॉटम घालून यायची आणि त्या बेलबॉटमनं अख्खं मैदान झाडून निघायचं. खेड्यावरून चालत येणारी पोरं पायजमा आणि टोपीत. पोरींचे पांढरे ब्लाऊज नीळ जास्त झाल्यामुळे स्कर्टाइतकेच निळे. तरीही त्या सगळ्यांत बघण्यासारखा मीच होतो, कारण मी चालायला लागलो की पँट माझ्यामागून एक पाऊल उशिरा चालायला लागायची.

सुतळीवर सगळं नीट चाललं होतं. घोटाळा झाला सव्वीस जानेवारीला. त्या दिवशी गावासमोर कवायत होती आणि सकाळी निघताना नेमकं एक गिऱ्हाईक गुळाची भेली बांधून मागायला लागलं. अण्णांनी इकडंतिकडं पाहिलं, माझी सुतळी सोडली, भेलीला बांधली आणि मला पुडी बांधायचा दोरा दिला.

"अण्णा, हा तुटंल की."

"काय तुटायलाय? पावशेर साखर धरतो त्यो."

पावशेर साखर हात वर करत नाही, हे अण्णांच्या लक्षात आलं नाही. मैदानावर पालक दोरीच्या पलीकडे उभे होते. मी पहिल्या रांगेत होतो, कारण मी लहानखुरा होतो. (वाढतं अंग अजून वाढायचं होतं.) पीटीच्या सरांनी शिट्टी मारली. एकला हात समोर, दोनला हात बाजूला. तोपर्यंत मी कोपरांनी कशीबशी पँट दाबून धरली होती. तीनला हात वर! दोरा तुटल्याचा आवाजसुद्धा आला नाही. फक्त पायांना एकदम गार वारं लागलं.

मी इतका हादरलो की हात वरच राहिले. आता सगळं मैदान हसणार, पोरी हसणार, प्रमुख पाहुणे हसणार. पण कुणीच हसलं नाही! शर्ट गुडघ्यापर्यंत होता. तेवढ्यात "पुढे चल" झालं आणि मी पँटमधून बाहेर पाऊल टाकून रांगेबरोबर तसाच निघालो. अण्णांच्या शर्टानं अण्णांच्या पँटची लाज राखली होती. अजून दोन मिनिटं गेली असती तर हा किस्सा कुणालाच कळला नसता.

पण सरांची नजर खाली गेली. रिकाम्या मैदानात खाकी ढीग. त्यांनी तो उचलला, उलटासुलटा केला. "ही थैली कुणाची हाय?" मग त्यांना थैलीला दोन भोकं दिसली. तेही चक्रावले. सरळ भोंग्यापाशी गेले आणि अख्ख्या सोनपेठला ऐकू जाईल असं म्हणाले, "एक पँट सापडली हाय. कुण्या पालकाची असंल तर त्यांनी घेऊन जावी."

पालकांमध्ये खळबळ. जो तो खाली वाकून स्वतःला तपासायला लागला. मी मनातल्या मनात परळीच्या वैजनाथाला साकडं घातलं की अण्णांना एवढी एक वेळ ऐकू येऊ देऊ नको. वैजनाथानं ऐकलं नाही. अण्णांनी ऐकलं. दोरीच्या पलीकडून त्यांचा हात वर गेला.

"आमची हाय!"

सरांनी त्यांच्या धोतराकडे पाहिलं. "तुमची?"

"आमच्या वैजूची. तो बगा, पहिल्या रांगेत उभा हाय."

सगळं मैदान माझ्याकडे वळलं. मी दोन्ही हातांनी शर्ट खाली ओढला. आणि अण्णा? त्यांना काडीची लाज वाटली नाही. दोरी ओलांडून आले, पँट झटकली, घडी करून काखेत मारली आणि सरांना समजावून सांगितलं, "वाढत्या अंगाची हाय, सर."

दहावी होईपर्यंत शाळेत मला वैजनाथ कुणी म्हटलं नाही. नाव पडलं ते 'वाढतं अंग'. मी त्या पँटमध्ये पुन्हा पाय घातला नाही. नववीपासून फुलपँट आली आणि हाफपँट आईच्या ट्रंकेत गेली. भाच्यांना द्यायची म्हटली तर कुणाच्याच अंगाला बसेना. अण्णांना मात्र शेवटपर्यंत हळहळ होती. ट्रंक उघडली की म्हणायचे, "लय जबर कापड हाय. ठिवा. अंगाला आल्यावर घालंल."

आता हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर एका अतिउत्साही माणसानं टूम काढली की सगळ्यांनी शाळेच्या गणवेशात यायचं, पोरांनी आठवीतल्या हाफपँटमध्ये, आणि जो येणार नाही त्यानं स्टेजवर अंगठे धरून उभं राहायचं. (तो माणूस मीच. पायाचे अंगठे मी प्रत्यक्ष पाहिले त्याला बरीच वर्षं झाली, हे लिहिताना ध्यानात राहिलं नाही.)

मी परभणीत एका टेलरला फोनवरच माप सांगितलं, नवी हाफपँट पिशवीत टाकली आणि बायकोसह आदल्या संध्याकाळी सोनपेठला आईकडे आलो. मेळाव्याच्या सकाळी पँट चढवायला घेतली. मांड्यांपर्यंत आली आणि तिथंच थांबली.

बायको दारात उभी राहून बघत होती. "कंबर किती सांगितली होती?"

"चौतीस."

"कुणाची?"

"माझी!"

"अहो, ती लग्नातल्या सुटाची."

मी श्वास कोंडला, पलंगावर आडवा झालो, बायकोनं दोन्हीकडून ओढून पाहिलं. टर्रकन आवाज आला आणि नवी पँट मागून उसवली. मेळाव्याला घटकाभर वेळ उरला होता. ग्रुपवर गणवेशातले फोटो पडायला लागले होते. वर्गातला सर्वांत जाड पोरगासुद्धा टापटीप हाफपँटमध्ये उभा राहून विचारत होता, 'वाढतं अंग कुठं आहे?' स्टेजवर, बायकापोरांसमोर अंगठ्यांकडे हात नेताना मी कसा दिसेन, हे डोळ्यांसमोर आलं आणि मला खरंच रडू यायचं बाकी राहिलं.

आई स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाली, "ट्रंकेत अण्णाची हाय की."

"आई, ती आठवीतली हाय!"

"मंग? घालून तर बग."

डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट पँट बाहेर आली. थट्टा म्हणून एक पाय घातला, दुसरा घातला, वर ओढली. बटण लागलं. मी आरशात पाहिलं आणि सर्द झालो. गुडघ्याच्या बरोबर वर थांबलेली, कमरेला घट्ट, नजर लागावी अशी हाफपँट. बायकोनं मला गोल फिरवून पाहिलं. भिंतीवरच्या फोटोतून अण्णा बघत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या मापात मला एकही खोट काढता येईना.

आई जवळ आली. पोटाच्या जागी बोट घालून पाहिलं. बोट गेलं नाही.

"तरी मी त्येन्ला म्हणलं होतं," ती म्हणाली, "अजून जराशी मोठी शिवा म्हणून."

मेळाव्यात माझा भाव एकदम वधारला. बाकीच्यांचे गणवेश नवे कोरे. अस्सल माल एकट्या माझ्याच अंगावर! चार जणांनी कापड चिमटीत धरून पाहिलं. मी मिरवलो, खोटं कशाला बोलू? पीटीचे सर आले होते. काठी टेकत, पण शिट्टी गळ्यात. कुणीतरी म्हणालं, सर, एकदा कवायत होऊन जाऊ द्या. आम्ही सगळे मैदानावर रांगेत उभे राहिलो. मी पुन्हा पहिल्याच रांगेत.

एकला हात समोर. दोनला हात बाजूला. पँट जागची हलत नव्हती. तीनला मी छाती भरून श्वास घेतला आणि दोन्ही हात आभाळाकडे नेले.

या वेळी आवाज आला. बटण सुटलं, ते गोफणीतून सुटल्यासारखं थेट सरांच्या पायापाशी जाऊन पडलं. सर वाकले. काठीच्या आधारानं सावकाश उचललं, डोळ्यांजवळ नेऊन निरखलं आणि माईकपाशी गेले.

"एक बटण सापडलं हाय. कुणाचं हाय?"

तेव्हा पालकांपुढं दोरी होती तिकडं मी नकळत पाहिलं. अण्णा उभे होते तिथं आता मोटारसायकली लावल्या होत्या. त्या दिवशी अण्णांनी काही बोलू नये म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते आणि आज त्यांचा तो आवाज ऐकायला काहीही दिलं असतं.

पण आता बोलायला मीच उरलो होतो.

"आमचं हाय, सर," मी म्हणालो आणि हात वर केला. एकच. दुसऱ्यानं पँट धरली होती.