मावशीचं तेल

आईची कंबर धरली तेव्हा आम्हाला मानपाड्याला राहायला येऊन दोन वर्षं झाली होती. दुसरा मजला, लिफ्ट नाही. रविवारी विहारात वंदनेला जाणं एवढंच तिचं बाहेर पडणं, तेही बंद झालं. पांढऱ्या साड्या नेसून निघालेल्या बायका ती खिडकीतून बघत बसायची आणि मला राग यायचा. तिचा नाही, त्या जिन्याचा.

डॉक्टर झाले, पट्टा झाला, गोळ्यांनी पित्त तेवढं वाढलं. शेवटी मालिशवाल्या मावशीला शोधून काढलं. माझ्या वेळच्या बाळंतपणात आईला हिनेच चोळलेलं. आता ती मुलाकडे टिटवाळ्याला राहायची, फार हिंडवत नव्हतं, तरी एकदा आली. आईच्या कमरेवर हात फिरवून म्हणाली, "इथे धरलंय." मग कसं चोळायचं ते मला दाखवलं आणि निरगुडीचा पाला घालून स्वतः कढवलेल्या तेलाची बाटली देऊन गेली.

रोज ऑफिसातून आले की वाटीत तेल कोमट करून मी आईची कंबर चोळायचे. पंधरा दिवसांत आई कठडा धरून जिना उतरली. विहारात जाऊन आली, तांब्याभर पाणी प्यायली आणि हसली. मला रडूच आलं.

महिन्याभरात तेल संपलं. टिटवाळ्याला जायला वेळ कुठला? बाटलीच्या तळाशी पाल्याचा गाळ होता, त्यावरच मी वाण्याकडचं तिळाचं तेल ओतलं. दोन दिवस उन्हात ठेवलं, पाल्याचा थोडाफार वास तेलात उतरला. आईला सांगितलं नाही. चार महिने मी ती बाटली अशीच भरत राहिले आणि चार महिने आई दर रविवारी विहारात गेली.

मग एका संध्याकाळी मालिश चालू असताना शेजारच्या काकू आल्या. आई पालथी पडल्या पडल्याच त्यांना म्हणाली, "हिच्या हाताला काही जोर नाही हो. मावशीचं तेल आहे म्हणून चालतेय मी."

ऑफिसात दिवसभर डोकं पिकलेलं, हात कोपरापर्यंत तेलकट. माझं टाळकं सरकलं.

"कसलं मावशीचं? चार महिने वाण्याकडचं लावतेय तुला."

आई उठून बसली आणि पदर नीट करत राहिली.

त्या रविवारी ती उठली नाही. कळ मांडीपर्यंत येतेय म्हणाली. मला वाटलं, रुसलीय. पण कूस बदलताना तिचा चेहरा बघितला. असलं नाटक माझ्या आईला येत नाही. काय अडलं होतं माझं मेलीचं? चार महिने गप्प बसले, तशी पुढेही बसले असते. तिला बरं करणारं जे काही होतं, ते मी एका वाक्यात सांडून टाकलं.

रजा टाकून टिटवाळा गाठला. मावशीने माझ्यासमोर तेल कढवलं, गार करून बाटलीत भरून दिलं. घरी आल्यावर ती बाटली मी आईच्या हातात ठेवली. तिने झाकण काढून बराच वेळ वास घेतला.

"मावशीचंच आहे, आई. शपथ. फोन लावून विचार तिला."

"नको गं. तिलाही पढवलं असशील."

आई हळूहळू पालथी झाली.

"लाव," ती म्हणाली. "तुला तरी बरं वाटेल."