शिंगाड्याचा तलाव आणि निळा रंग

शहराच्या कडेला, हुडकेश्वरच्या पुढचा तो तलाव माझ्या नकाशात शेत म्हणून उमटला होता. विकास आराखड्यासाठी जमीनवापराचा नकाशा तयार करण्याचे काम माझ्याकडे होते, आणि उपग्रहाच्या प्रतिमांवरून जमीन ओळखण्याची पद्धतही मीच बसवली होती. म्हणून पडताळणीला मी स्वतः गेले. प्रतिमेतली हिरवळ खरीच निघाली. शिंगाड्याची पाने इतकी दाट पसरली होती, की काठावर उभे राहूनही पाणी दिसत नव्हते. दोन बायका ट्रकच्या ट्यूबवर बसून शिंगाडे तोडत होत्या.

त्या जावा-जावा होत्या. दरवर्षी त्यांचे कुटुंब या तलावात शिंगाडा लावते.

"काय लिवून राहिली वं पोरी?" थोरलीने विचारले.

"हे तलाव म्हणून दाखवू की शेत म्हणून, तेच ठरवते आहे."

"तलाव लिव. शेत लिवशील तं उद्या लेआउटवाले येतीन, मुरूम टाकतीन, प्लॉट पाडतीन."

"अन् तलाव लिवलं तं?" धाकटी ट्यूबवरूनच बोलली. "तिकडं शहरातल्या तलावाचं काय झालं, पाह्यलं नाही का? जपायचा म्हणे. जाळी लावली, फिराले रस्ता केला अन् शिंगाडा बंद. आता म्हणते, बदकं पाहाले या."

"मंग तू बदक हो अन् पोह तिथं!" थोरली म्हणाली.

दोघी हसल्या. मला हसता आले नाही, कारण दोघींचेही म्हणणे मला पटत होते आणि माझ्या तक्त्यात एका जागेला एकच वर्ग देता येतो. शेत म्हटले तर तलाव बुजण्याची भीती. तलाव म्हटले तर तो वाचेल, पण या दोघींना बाहेर काढून. उन्हाळ्यात पुन्हा गेले, तेव्हा पाणी मागे सरले होते आणि उघड्या पडलेल्या गाळात काकडीचे वेल होते. नेमक्या कोणत्या महिन्याची प्रतिमा खरी मानायची?

"पाणी म्हणून निळा कर आणि शिंगाड्याचं शेऱ्यात लिही," वरिष्ठ म्हणाले. छापील नकाशावर शेरा येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. मी निळा केला.

नकाशाचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी कार्यालयाच्या भिंतीवर लागला, तेव्हा धाकटी पाहायला आली. मी तिला तिचा तलाव दाखवला.

"निळं म्हणजे शिंगाडा लावता येईन नं, मॅडम?"

वापराचे नियम अजून ठरायचे होते. मला माहीत नव्हते, आणि तसे मी सांगितले.

"तुमीच रंगवलं अन् तुमालेच माहीत नाही?"

"हरकत नोंदवा," मी म्हटले.

"लिवून द्या मंग."

माझ्याच नकाशावरची हरकत मी तिच्या शेजारी बसून लिहिली: तलाव तलावच राहावा, मात्र त्यातील शिंगाड्याची लागवड चालू राहील असे आराखड्यात नमूद करावे. तिने सही केली.

नकाशावरच्या हरकती अभिप्रायासाठी माझ्याच टेबलावर येतात. आज तीही आली. मी 'मान्य करावी' असे लिहिले आणि नकाशा उघडला. तलाव निवडला. वर्गांची यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. जे मान्य केले, ते कोणत्या रंगात दाखवायचे, हे मला अजूनही उमगलेले नाही.