चढावर सटकणारे गिअर

चढ लागला की नर्सबाईंच्या सायकलचे गिअर सटकायचे. पाय रिकामा जायचा, गुडघा हँडलवर आपटायचा आणि टेकडीवरच्या आजोबांच्या इंजेक्शनला उशीर व्हायचा. सायकल दुरुस्तीची तीन दुकानं झाली. पण स्टँडवर सायकल नव्या जावयासारखी गुणी! "बाई, भास होतोय तुम्हाला," सगळे म्हणाले.

अण्णा मिस्त्री मात्र म्हणाले, "तुम्ही चढ चढा, मी बाजूनं पळतो." साठीचा माणूस धापा टाकत, चाकाकडे कान लावून पळाला. "थांबा! साखळी नवी, पण मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीचे, फ्रीव्हीलचे, दात झिजलेत. जोर पडला की साखळी घसरते."

त्यांनी फ्रीव्हील बदललं. दुसऱ्या दिवशी बाई न उतरता वर पोचल्या.

"आज वेळेवर? सूर्य पश्चिमेला उगवला का?" आजोबांनी टोमणा मारला.

"अण्णांना उदंड आयुष्य लाभो," बाई म्हणाल्या, "माझं म्हणणं खरं मानलं त्यांनी."